फुकेतहून फी फी: एका दिवसाच्या बोटसहलीचा खरा हिशेब

फुकेतच्या पाटोंग भागात दर पन्नास पावलांवर सहली विकणारी एक टपरी असते. लॅमिनेट केलेले फोटो, त्यात काचेसारखं हिरवंनिळं पाणी आणि वर ठळक आकडा: फी फी, माया बे, बांबू बेट, १,८०० बाट, सगळं धरून. चार टपऱ्या पुढे तीच सहल १,५०० ला मिळते, हॉटेलच्या काउंटरवर २,६०० ला, आणि मुंबई-पुण्याहूनच बुक करून गेलात तर रुपयांत आणखी वेगळ्या भावाला. गंमत अशी की बोट पुष्कळदा एकच असते. बाकावर शेजारी बसलेल्यानं आपल्यापेक्षा हजार बाट कमी दिलेत हे दुपारच्या जेवणाच्या रांगेत कळतं, आणि मग पाण्याचा रंगही जरा फिकट वाटू लागतो.

घासाघीस करावीच, पण आधी त्या ‘सगळं धरून’मध्ये काय येतं ते पाहावं. सामायिक व्हॅननं हॉटेल ते धक्का जाणं-येणं, बोट, गाइड, पाण्याच्या बाटल्या आणि शीतपेयं, फळं, दुपारचं बुफे जेवण, मास्क आणि श्वास घ्यायची नळी, लाईफ जॅकेट, आणि अगदी जुजबी रकमेचा विमा, एवढं बहुतेक सहलींत असतं. जे हमखास बाहेर राहतं त्यातली सगळ्यात मोठी रक्कम म्हणजे राष्ट्रीय उद्यानाची फी. फी फीचं धाकटं, निर्मनुष्य बेट (माया बे तिथंच आहे) आणि बांबू बेट हात नोप्परात थारा–मू को फी फी या राष्ट्रीय उद्यानात मोडतात. तिथं परदेशी प्रौढाला ४०० बाट आणि लहान मुलाला २०० बाट पडतात. थाई माणसाला याच्या एक दशांश. त्यावर चिडण्यात अर्थ नाही. आपल्याकडे ताजमहालापासून वेरूळपर्यंत परदेशी पाहुण्यांना आपणही वेगळाच दर लावतो. मात्र टपरीवर पहिला प्रश्न हाच विचारायचा: उद्यानाची फी यात आहे का? ‘नाही’ असं उत्तर आलं तर तिथंच दरात ४०० मिळवून मग पुढच्या टपरीशी तुलना करायची.

एक उदाहरण घेऊ. आई-बाबा, कॉलेजातली मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा. मोठ्यांना १,८०० आणि मुलाला १,४०० बाट, म्हणजे बोर्डावरचा हिशेब ६,८०० बाट. उद्यान फी १,४००. पायात घालायचे फिन्स दोघांनी भाड्यानं घेतले, शंभराप्रमाणे २००. जेवणानंतर शहाळी नाहीतर आइस्क्रीम, साधारण ४००. परतताना गाइड आणि बोटवाल्यांच्या डब्यात ३००. शिवाय मोठ्या फी फी बेटाच्या धक्क्यावर माणशी २० बाट स्वच्छता शुल्क असतं. ते सहलीत धरलं नसेल तर आणखी ८०. बेरीज ९,१८० बाट. एक बाट पावणेतीन रुपयांना धरला (निघताना त्या दिवसाचा भाव पाहून घ्यावा) तर ६,८०० चे १८,७०० रुपये वाटले होते, ते सव्वापंचवीस हजारांवर गेले. यात कुणी फसवलेलं नाही. प्रत्येक रक्कम तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत होती.

आता दुसरी टपरी घ्या. तिथला दर मोठ्यांना २,३००, मुलाला १,९००, पण उद्यान फी आत. पाहताक्षणी ही सहल २,००० बाटांनी महाग दिसते. फीचे १,४०० वजा केले की फरक उरतो ६०० बाटांचा, म्हणजे चौघांत मिळून साडेसोळाशे रुपयांचा. त्या पैशांत बोट तासभर लवकर सुटत असेल, किंवा पंचेचाळीसऐवजी तीसच माणसं घेत असेल, तर मी डोळे मिटून ती घेईन. कारण या सहलीत पैशांपेक्षा महाग गोष्ट वेळ आहे.

पाटोंगहून व्हॅन सकाळी सातच्या आसपास घ्यायला येते, पाच-सात हॉटेलं फिरते, मग धक्क्यावर मनगटाला रंगीत पट्टा, चहा-बिस्किटं, सूचना. बोट सुटेपर्यंत नऊ वाजतात. स्पीडबोटीला फी फीपर्यंत साधारण तासभर लागतो. परत यायला तेवढाच. संध्याकाळी पाच-साडेपाचला हॉटेलवर. या दहा तासांत प्रत्यक्ष पाण्यात अंग भिजवायला मिळतात जेमतेम दोन. त्यामुळे ‘सात ठिकाणं’, ‘नऊ ठिकाणं’ असल्या आकड्यांना भुलू नये. व्हायकिंग केव्ह बोटीतूनच दिसते. पाकोळ्यांची घरटी गोळा करण्याचा तिथं धंदा चालतो म्हणून आत सोडत नाहीत. मंकी बीचवर बहुतेक बोटी माकडं लांबूनच दाखवतात, आणि ते बरंच आहे, कारण चावणाऱ्या माकडामुळे रेबीजच्या इंजेक्शनांचा जो खर्च होतो तो कुठल्याच पॅकेजमध्ये धरलेला नसतो. विचारायचं ते असं: उतरायचं किती ठिकाणी, पोहायचं किती ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी किती मिनिटं?

हे विचारलं की बोर्डावरच्या सगळ्यात मोठ्या नावाची गोम बाहेर येते. माया बेमध्ये पोहता येत नाही. लिओनार्डो डिकॅप्रियोचा ‘द बीच’ २००० साली आला आणि या चिमुकल्या किनाऱ्यावर जग लोटलं. बोटींच्या नांगरांनी प्रवाळ मोडला. जून २०१८ मध्ये थायलंडनं किनारा बंद केला तो थेट जानेवारी २०२२ मध्ये उघडला, तोही नव्या नियमांनी. बोट आता समोरून येत नाही. मागच्या लोह समाह बाजूच्या तरंगत्या धक्क्याला लागते, तिथून लाकडी वाटेनं चालत किनाऱ्यावर जायचं. माणसांची संख्या ठरलेली, वेळ ठरलेली, आणि पाण्यात फार तर गुडघ्यापर्यंत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये किनारा पूर्ण बंद ठेवतात, तरी बोर्डावरचा फोटो उतरत नाही. नशीब असेल तर काळ्या टोकाच्या परांचे लहान शार्क उथळ पाण्यात फिरताना दिसतात. बंदीच्या काळात ते परत आले. मला हा नियम पटतो. पण पोरांना ‘माया बेमध्ये डुंबायचंय’ असं सांगून नेऊ नये.

डुंबायचं ते पिलेह लगूनमध्ये आणि बांबू बेटावर. या दोहोंत फरक आहे, आणि आपल्या कुटुंबांनी तो तिकीट काढण्याआधी लक्षात घ्यावा. पिलेह म्हणजे तिन्ही बाजूंनी उंच कडे आणि मध्ये पाचूच्या रंगाचं पाणी. पण तिथं बोटीवरून थेट पाण्यात उतरावं लागतं, पाय टेकायला वाळू नाही. लाईफ जॅकेट घालून पोहता न येणारेही उतरतात, गाइड दोरी धरून फिरवतात. तरी ज्यांना छातीएवढ्या पाण्यातही धडधडतं त्यांच्यासाठी तो वेळ बोटीत बसून फोटो काढण्यातच जातो. बांबू बेटावर मात्र रुंद पांढरी वाळू आणि हळूहळू खोल होत जाणारं पाणी आहे. घरात पोहणारे कमी असतील तर बांबू बेटावर जास्त वेळ थांबणारी सहल शोधा. किंवा फी फीचा नादच सोडून फुकेतच्या पूर्वेकडच्या खाई बेटांची अर्ध्या दिवसाची सहल घ्या. प्रवास छोटा, खर्चही कमी. वाळूवरच्या खुर्ची-छत्रीचे पैसे तिथं वेगळे लागतात, तेवढं लक्षात ठेवावं.

आजी-आजोबा बरोबर असतील तर स्पीडबोट नको. ती लाटांवरून आपटत जाते. कंबर, मान, गुडघे यांची जुनी दुखणी असलेल्यांना तो तास जड जातो, आणि गरोदर बायकांना तर चांगले बोटवाले घेतच नाहीत. बसायचंच झालं तर मागच्या बाजूला बसावं. पुढच्या जागा फोटोत छान दिसतात, पण दणके तिथंच बसतात. रसादा धक्क्यावरून सुटणाऱ्या मोठ्या बोटीला सुमारे दोन तास लागतात, पण ती स्थिर असते, स्वच्छतागृह असतं, आणि दरही बहुधा कमी असतो. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघण्याआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी. धक्क्यावर बहुतेक ठिकाणी ती फुकट मिळते. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी समुद्रालाच जाते. आलेपाक खिशात असलेला बरा.

मोठ्या बोटीहून वरच्या दर्जाच्या कॅटामरान सहली ३,००० बाटांपासून पुढे सुरू होतात. जागा ऐसपैस, जेवण बरं, टॉवेलही मिळतात. स्वतंत्र स्पीडबोट दिवसभरासाठी वीस हजार बाटांच्या घरात जाते. दोन कुटुंबं मिळून दहा-बारा माणसं असतील तर माणशी दर सामायिक कॅटामरानपेक्षा कमीच पडतो, आणि माया बेला गर्दीच्या आधी पोचायचं की नंतर, हे आपण ठरवतो. हा हिशेब फार कमी लोक करून पाहतात.

जेवणाबद्दल थोडक्यात: मोठ्या फी फी बेटावर भात, नूडल्स, तळलेली कोंबडी, भाज्या, टरबूज-अननस असा बुफे असतो. पोट भरतं, आठवणीत राहत नाही. शाकाहारींनी बुकिंगच्या वेळीच सांगावं, कारण भाजी दिसते त्यातही फिश सॉस किंवा ऑयस्टर सॉस असतो. थाई लोक ‘जे’ नावाचं जे जेवण मानतात त्यात मांस, मासे, अंडी तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे जैन मंडळींनी ‘जे’ असं सांगितलं तर पटकन समजतं. तरी ठेपले-दशम्या बरोबर असू द्याव्यात. ‘इंडियन लंच’ असं लिहिलेल्या सहलींत माणशी दोन-तीनशे बाट जास्त जातात आणि मिळते पातळ डाळ. तो खर्च मी करणार नाही.

पैसे देण्याची पद्धतही खर्च वाढवते. कार्डावर बरेच टपरीवाले तीन टक्के जास्त लावतात, वर आपली बँक परकीय चलनाचं शुल्क घेते. यंत्रानं ‘रुपयांत देणार की बाटांत?’ असं विचारलं तर बाटच निवडावेत. रुपयांचा भाव ते स्वतःच्या सोयीनं लावतात. एटीएममधून काढलं तर दर खेपेला सव्वादोनशे बाटांच्या आसपास शुल्क, तेव्हा पाचशे-हजारासाठी चारदा जाऊ नये. उद्यान फीसाठी रोख जवळ ठेवावीच.

बाकी किरकोळ: सनस्क्रीन बघून घ्या. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट यांसारखी प्रवाळाला घातक रसायनं असलेलं सनस्क्रीन २०२१ पासून थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत चालत नाही, दंड एक लाख बाटांपर्यंत आहे. पूर्ण बाहीचा नायलॉनचा पोहायचा शर्ट घातला तर क्रीमही कमी लागतं; सुती कपडे ओले झाले की दिवसभर अंगाला चिकटतात. शिंपले-प्रवाळ उचलू नका. बोटीवरचा फोटोग्राफर हसून फोटो काढतो, ते संध्याकाळी धक्क्यावर फ्रेममध्ये विकायला असतात. नको म्हटलं तर चालतं.

सगळ्यात मोठी चूक मात्र दराची नसते, महिन्याची असते. फुकेत आणि फी फी अंदमान समुद्रात आहेत, आणि तिथं आपलाच नैर्ऋत्य मोसमी वारा येतो, साधारण मे ते ऑक्टोबर. मालवणात किल्ल्याच्या होड्या मे अखेरीस बंद होतात, त्याच्या आधीच तिकडे लाटा चढलेल्या असतात. महाराष्ट्रातल्या शाळांची सुट्टी नेमकी तेव्हाच. दर कमी दिसतात ते याच कारणानं. मे महिन्यातच जायचं असेल तर थायलंडच्या आखाताकडे, को सामुईला जावं. तिथून आंग थोंग उद्यानाची अशीच दिवसभराची सहल निघते, आणि तिकडचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये असतो. हात आखडता असेल तर पट्टायाचं को लान आहेच: बाली हाई धक्क्यावरून सार्वजनिक बोटीचं तिकीट एका बाजूला अवघं ३० बाट. गटसहलींत हेच ‘कोरल आयलंड’ म्हणून विकतात आणि वाटेत तरंगत्या फलाटावर पॅरासेलिंगसाठी थांबवतात. त्याचे पैसे अर्थातच वेगळे.

फी फीची सहल मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी ठेवू नये. हवा बिघडली की बंदराचे अधिकारी लहान बोटी रोखतात, आणि हातात दिवस नसेल तर तारीख बदलून घेता येत नाही. बोट रद्द झाली तर पैसे परत की दुसरा दिवस, हे तिकिटावर लिहून घ्यावं. ५ जुलै २०१८ ला खराब हवेचा इशारा असताना निघालेली ‘फिनिक्स’ ही पर्यटक बोट फुकेतजवळ बुडाली आणि ४७ चिनी पर्यटक गेले. त्यामुळे बोटवाला ‘आज नाही’ म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नये. आणि बाकी सगळे नको म्हणत असताना एखादाच ‘चला’ म्हणत असेल, तर त्याचं तिकीट फुकट मिळालं तरी घेऊ नये.

तिकीट घेताना त्यावर सहल कंपनीचा परवाना क्रमांक, काय आत आणि काय बाहेर, व्हॅनची वेळ आणि फोन नंबर आहे का ते पाहावं, आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवावा. वाद झालाच तर पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५. इंग्रजीत बोलता येतं.