विशाखापट्टणम : जहाजांच्या मागावर दोन दिवस

मुंबईला आपली ‘विक्रांत’ जपता आली नाही. १९९७ साली निवृत्त झालेली ही विमानवाहू नौका काही वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती. २०१२ मध्ये ते बंद पडलं आणि २०१४च्या अखेरीस तिच्यावर भंगारवाल्यांचे गॅस कटर चालू लागले. तिच्या डेकवर मुलांना न्यायचं ज्यांचं राहून गेलं, त्यांनी विशाखापट्टणमची वाट धरावी. या शहराने एक आख्खी पाणबुडी समुद्रातून ओढून रस्त्याच्या कडेला आणून ठेवली आहे, आणि तिच्या पोटात शिरता येतं.

जायचं कधी? नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात इथली दमट हवा मुंबईकरालाही नको होते, आणि ऑक्टोबर हा वादळांचा महिना. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी ‘हुदहुद’ चक्रीवादळ थेट या शहरावर आदळलं होतं. लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी विशाखापट्टणम एक्स्प्रेस पुणे-सोलापूर-सिकंदराबाद करत जाते, पण एक दिवसाहून जास्त वेळ घेते. रजा हाताशी असेल तर रेल्वे, नुसता शनिवार-रविवार असेल तर विमान. मुक्काम मात्र बीच रोडच्या आसपासच करावा. स्टेशनजवळ खोली स्वस्त मिळते, पण वाचलेले पैसे रिक्षावाल्याच्या खिशात जातात.

रामकृष्ण बीच म्हणजे इथल्या लोकांचा ‘आरके बीच’. त्याच्या काठाशी ‘कुरसुरा’ उभी आहे. १८ डिसेंबर १९६९ रोजी नौदलात आलेली ही सोव्हिएत बनावटीची पाणबुडी ‘कलवरी’ वर्गातली. तिच्या तीन भावंडांपैकी ‘खांदेरी’ आणि ‘करंज’ ही नावं अलिबाग-उरणच्या किनाऱ्यावर फिरलेल्यांना सांगायला नकोत. १९७१च्या युद्धात ‘कुरसुरा’ने अरबी समुद्रात गस्त घातली. एकतीस वर्षांच्या सेवेनंतर फेब्रुवारी २००१ मध्ये ती निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००२ मध्ये, संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली. सरकारी कामाच्या मानाने हा वेग थक्क करणारा म्हणावा लागेल.

बाहेरून ९१ मीटर लांबीचं धूड, आणि आत शिरल्यावर कोपर कुठे ठेवावं हा प्रश्न. सात कप्पे, एकामागून एक. पुढच्या कप्प्यात टॉर्पेडोच्या सहा नळ्या, मागच्यात चार. डोक्यावर, बाजूला, पायाशी सगळीकडे पाइप, झडपा आणि तबकड्या. जवळपास पंचाहत्तर माणसं यात आठवडेच्या आठवडे राहायची. झोपायचे फळकुटवजा बंक बघून मुलं हमखास विचारतात, ‘पाय कुठे पसरायचे?’ स्वयंपाकघर आपल्याकडच्या टपरीएवढंच. पाण्याखाली असताना पाणबुडी बॅटऱ्यांवर चालायची आणि त्या भरायला डिझेल इंजिनं लावावी लागत. इंजिनांना हवा हवी, म्हणून हवेची नळी पाण्याबाहेर काढण्याइतकं तरी वर यावंच लागे. नेमका तोच काळ धोक्याचा. या गोष्टी नौदलातून निवृत्त झालेले वाटाडे समजावून सांगतात, आणि तिकिटाचे खरे पैसे तिथेच वसूल होतात. हिंदी उत्तम बोलतात. विचारायला लाजू नये.

गर्दीच्या वेळी मात्र रांग ढकलत पुढे नेतात आणि दहा मिनिटांत माणूस शेपटाकडून बाहेर पडतो. म्हणून उघडण्याच्या वेळीच दारात हजर राहावं. सोमवारी संग्रहालय बंद असतं, आणि इतर वारी ते बहुधा दुपारी दोननंतर उघडतं. रविवारी सकाळीही थोडा वेळ खुलं असतं. निघण्याआधी चौकशी केलेली बरी. बंद जागेत जीव घाबरा होणाऱ्यांनी बाहेरूनच बघावं, त्यात कमीपणा नाही.

रस्त्यापलीकडे टीयू-१४२ हे टेहळणी विमान ठेवलेलं आहे. पंखांचा विस्तार सुमारे ५० मीटर, आणि काम पाणबुड्या हुडकण्याचं. १९८८ साली ही विमानं गोव्याच्या दाबोळी तळावर दाखल झाली, मग तमिळनाडूतल्या अरक्कोणमला गेली आणि २०१७ मध्ये निवृत्त झाली. शिकार आणि शिकारी एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना बघायला मिळावेत, ही रचना झकास जमली आहे.

तिथून चालत ‘व्हिक्टरी अ‍ॅट सी’ स्मारक गाठता येतं. थांबण्याजोगं कारण त्यामागच्या कथेत आहे. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानची ‘गाझी’ पाणबुडी या बंदराच्या तोंडाशी येऊन थडकली ती ‘विक्रांत’च्या शोधात. ‘विक्रांत’ तेव्हा अंदमानकडे सुरक्षित होती. ती इथेच आहे असा भास निर्माण करायला नौदलाने ‘राजपूत’ ही जुनी विनाशिका कामाला लावली होती. ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास ‘गाझी’ बुडाली. ‘राजपूत’ने टाकलेल्या बाँबमुळे की तिच्याच सुरुंगांमुळे, यावर दोन्ही देशांत आजही वाद आहे. तिचे अवशेष अजून तळाशी आहेत.

याच रस्त्यावर जुन्या डच बंगल्यात विशाखा म्युझियम आहे. तिथे एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी शहरावर टाकलेला, पण न फुटलेला बाँब ठेवला आहे. बाकीची दालनं भराभर बघून चालतील.

आता न दिसणाऱ्या जहाजांविषयी. हे बंदर १९३३ साली सुरू झालं. या किनाऱ्यालगत वाळू सतत दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते, आणि ती बंदराचं तोंड बुजवणार हे उघड होतं. तेव्हा इंजिनिअरांनी ‘जेनस’ आणि ‘विलिंग्डन’ ही दोन जुनी जहाजं तोंडाशी मुद्दाम बुडवली आणि त्यांचाच बांध केला. वाळू अडली, पण मग पलीकडच्या आरके बीचला ती मिळेना. आजही बंदरातली गाळवाळू उपसून या बीचवर टाकतात. पोहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं : इथला उतार घसरडा आहे, लाट पाय ओढते आणि दर वर्षी माणसं बुडतात. पाण्यात शिरायचंच असेल तर जीवरक्षक असलेल्या ऋषिकोंड्याला जावं.

बंदराच्या पलीकडे सिंधिया नावाची वस्ती आहे. हे नाव थेट ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं. माधवराव शिंद्यांनी १९१४ साली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ हे जहाज घेतलं, त्याचं नाव ‘लॉयल्टी’ ठेवलं आणि पहिल्या महायुद्धात ते रुग्णजहाज म्हणून वापरलं. युद्धानंतर सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी नरोत्तम मोरारजींसारख्या भागीदारांना घेऊन ते विकत घेतलं, आणि कंपनीला नाव दिलं ‘सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन’. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघालं. हा दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. इंग्रज कंपन्यांशी झुंजत वालचंदांनी जहाजं बांधायचाही घाट घातला. जून १९४१ मध्ये राजेंद्र प्रसादांच्या हस्ते विशाखापट्टणमला कोनशिला बसली आणि १४ मार्च १९४८ रोजी नेहरूंनी ‘जलउषा’ पाण्यात सोडली. आजचं हिंदुस्तान शिपयार्ड ते हेच. सोलापूरहून गाडीत बसणाऱ्याने तरी एवढं माहीत करून जावं.

शिपयार्ड सहलीसाठी खुलं नाही. डॉल्फिन्स नोज या डोंगरसोंडेवरून यारडा बीचकडे जाणाऱ्या रस्त्यावर बंदराचा पसारा नजरेत येतो. बराचसा भाग नौदलाच्या ताब्यात आहे, तेव्हा पाटी दिसली की कॅमेरा आत. जहाजं हाताच्या अंतरावरून बघायची तर पहाटे फिशिंग हार्बरला जावं. ट्रॉलर रिकामे होत असतात, ओरडून लिलाव चालतात, पायाखाली बर्फाचं पाणी वाहत असतं. चपला रबरी हव्यात. सुरमईला इथे वंजरम म्हणतात. हॉटेलात मागायला उपयोगी पडेल. संध्याकाळी बीचवर मुरी मिक्स्चर खावं, म्हणजे चिंचेच्या चटणीविना जमवलेली, मिरचीने पेटलेली भेळ.

दुसरा दिवस पायांना द्यावा. भीमिलीकडे जाणारा रस्ता समुद्राला धरून जातो. दिवसभरासाठी रिक्षा ठरवली की मध्ये हवं तिथे उतरता येतं. सुमारे पंधरा किलोमीटरवर तोटलाकोंडा. १९७६ साली नौदल तळासाठी पाहणी करताना हा टेकडीवरचा बौद्ध विहार नजरेस पडला. नौदल नसतं तर तो अजून झुडपांत असता, असं म्हणायला हरकत नाही. महास्तूप, भिक्षूंच्या खोल्यांच्या रांगा, चैत्यगृहांची जोती, आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी. ती बघून कान्हेरीला जाऊन आलेला भटक्या हटकून खाली बसतो. रोमन नाणीही इथे सापडली. भिक्षूंच्या टेकडीखालून व्यापारी जहाजांची वाट जात होती. वर सावली नाही. सकाळी नऊच्या आत चढावं.

पुढे भीमिलीच्या अलीकडे एर्रा मट्टी दिब्बालू. समुद्राकाठच्या लाल वाळूच्या टेकड्या, पावसाने चरत चरत घळी पाडलेल्या. २०२५ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत पाचगणी-महाबळेश्वरबरोबरच यांचंही नाव गेलं. कडे भुसभुशीत आहेत. घळीच्या तळातून चालावं, कडांवर चढून फोटो काढू नयेत आणि मुलांना घसरगुंडी करू देऊ नये. तुटलेला कडा परत उभा राहत नाही. शेवटी भीमिलीत डच दफनभूमी आणि गोस्थनी नदीचं मुख बघून परतावं.

अराकू, बोर्रा गुहा आणि बोगद्यांतून जाणारी किरंदुल लाइन? जरूर बघावी, पण याच दोन दिवसांत कोंबू नये. जाऊन-येऊन अख्खा दिवस गाडीत जातो आणि ‘कुरसुरा’ हुकते. त्यासाठी रजा वाढवावी किंवा पुढच्या खेपेला यावं. आणि परतीचं तिकीट सोमवारचं असेल, तर पाणबुडी रविवारीच उरकावी.