पदयात्रा आणि तिची पूर्वतयारी

पायी प्रवासाची थोरवी महाराष्ट्रातील वाचकांस नव्याने सांगावयास नको. ज्येष्ठाच्या वद्य पक्षात देहू-आळंदीहून निघणारे वारकरी पंढरीच्या वाटेवर ज्याने कधी पाहिले नाहीत, असा मनुष्य आपल्याकडे विरळाच. परंतु देवदर्शनाखेरीज, एखादा विचार लोकांच्या मनांत रुजविण्यासाठीही माणसे शेकडो कोस चालत जातात. अलीकडे हवामानातील बदलाविषयी लोकांस जागे करण्याकरिता अशा पदयात्रा निघाल्या आहेत. त्या कशासाठी निघतात व त्यांची सिद्धता कशी करावी लागते, याचा थोडा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम विषय नीट समजून घेऊ. आज पाऊस पडला, उद्या ऊन पडले, ही झाली हवा. तीस-तीस वर्षांच्या नोंदींवरून काढलेली तिची सरासरी म्हणजे हवामान. कोळसा व खनिज तेल जाळले असता कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू उत्पन्न होतो, व तो पृथ्वीभोवती पांघरुणाप्रमाणे राहून उष्णता अडवितो. कारखान्यांचे युग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारे 280 भाग होते. आज ते 420 हून अधिक झाले आहेत. तेवढ्या काळात पृथ्वीचे सरासरी उष्णमान एका अंशाहून अधिक वाढले आहे. हा वायू वाढल्यास उष्णमान वाढेल, हे गणित स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ आऱ्हेनियस याने 1896 सालीच मांडले होते.

मग इतक्या वर्षांत ही गोष्ट लोकांच्या मनांत का ठसली नाही? आमच्या मते याचे मुख्य कारण असे की, हा बदल एका जागी बसून सबंध दिसत नाही. कोळ्यास समुद्राचे बदललेले रूप दिसते, शेतकऱ्यास लांबलेला पाऊस दिसतो, डोंगरातील माणसास आटलेला झरा दिसतो. प्रत्येकाजवळ एकेक मणी असतो. माळ कोणाजवळच नसते. गावोगाव चालत जाणारा मनुष्य हे मणी एका सुतात ओवतो. म्हणून ज्या पदयात्रेत बोलणे फार व ऐकणे थोडे, ती कितीही लांब गेली तरी तिचा हेतू सिद्धीस जात नाही.

याचे एक उदाहरण फिलिपीन बेटांतील आहे. 8 नोव्हेंबर 2013 रोजी हैयान नावाचे भयंकर चक्रीवादळ त्या देशावर आदळले. समुद्र टॅक्लोबान शहरात शिरला आणि देशात सहा हजारांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. त्याच सुमारास पोलंडमधील वॉर्सा येथे हवामानाविषयी सर्व राष्ट्रांची परिषद भरली होती. तेथे फिलिपीनचे प्रतिनिधी येब सान्यो यांनी साश्रू नयनांनी आपल्या देशाची व्यथा मांडली. त्यांचा सख्खा भाऊ त्या वेळी टॅक्लोबानमध्ये मृतांची प्रेते स्वतःच्या हातांनी गोळा करीत होता. परिषदेत काही अर्थपूर्ण निर्णय होईपर्यंत अन्न घेणार नाही, असे सान्यो यांनी तेथेच जाहीर केले. एखादे विशिष्ट वादळ केवळ हवामानबदलानेच झाले, असे शास्त्र म्हणत नाही. परंतु समुद्र तापला की वादळास अधिक बळ मिळते, व समुद्राची पातळी चढली की लाटा अधिक आत शिरतात, हे ते निश्चित सांगते.

पुढील वर्षी, 2 ऑक्टोबर 2014 या गांधी जयंतीच्या दिवशी, सान्यो व त्यांचे सहकारी मनिला येथून पायी निघाले. ज्या ठिकाणापासून तेथील रस्त्यांची अंतरे मोजतात, त्या शून्य किलोमीटरच्या दगडापासून त्यांनी प्रारंभ केला. लुझॉन बेट ओलांडून, मधली सामुद्रधुनी नावेने पार करून, सामार बेटावरून दोन किलोमीटरांहून लांब अशा पुलाने लेते बेटावर जावयाचे, असा सुमारे 1000 किलोमीटरांचा तो मार्ग होता. वादळास एक वर्ष पुरे झाले त्याच दिवशी, 8 नोव्हेंबरला, ते टॅक्लोबानला पोहोचले. ज्या गावाचे दुःख सांगावयाचे, त्याच गावी त्याच्या स्मृतिदिनी जाऊन थांबणे, यात किती औचित्य आहे! यावरून पहिला धडा हा की, पदयात्रेचा शेवट आधी ठरवावा आणि प्रारंभ मागाहून. दिवस व स्थळ निश्चित झाले म्हणजे रोज किती चालावयाचे, हे साध्या भागाकाराने निघते.

दुसरा धडा द्रव्याचा व तो अमेरिकेतील आहे. 1986 सालच्या 1 मार्चला सुमारे 1200 लोक अण्वस्त्रांविरुद्ध जागृती करण्यासाठी लॉस एंजेलिस येथून वॉशिंग्टनकडे पायी निघाले. परंतु ज्या संस्थेने हा घाट घातला होता, तिचे दिवाळे दोन आठवड्यांतच वाजले आणि मंडळी वाळवंटात अडकून पडली. पुष्कळ जण घरी परतले. जे राहिले, त्यांनी आपल्यातूनच कारभारी निवडले, स्वयंपाक, पाणी, तंबू, शौचकूप यांची कामे वाटून घेतली आणि 15 नोव्हेंबरला ते वॉशिंग्टनला पोहोचले! पुढे 2014 साली हवामानासाठी त्याच दोन शहरांच्या दरम्यान सुमारे 3000 मैलांची पदयात्रा निघाली, तेव्हा लोक मोजकेच होते. परंतु 1 मार्चला निघून 1 नोव्हेंबरला तेही पोहोचले. जितक्यांच्या जेवणाची व पाण्याची सोय, तितकीच माणसे घ्यावी, हे यावरून कळते. आपल्या वारीत प्रत्येक दिंडीस तिचा क्रमांक व तिची जागा ठरलेली असते. म्हणूनच लाखोंचा समुदाय असूनही कोणाची पंगत चुकत नाही.

तिसरा धडा आपल्या दांडीयात्रेतून घ्यावा. 12 मार्च 1930 रोजी महात्मा गांधी सुमारे ऐंशी अनुयायांसह साबरमतीहून निघाले व 24 दिवसांत सुमारे 385 किलोमीटर चालून दांडीस गेले. त्यांच्यापुढे गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची एक तुकडी जात असे. मुक्कामाची व्यवस्था पाहणे आणि गावाची माहिती गोळा करणे हे तिचे काम. गावात वस्ती किती, गुरे किती, चरखे किती, मीठ किती लागते, हे सारे गांधीजींस हवे असे. मग सभेत ते त्या गावापुढे त्याचेच प्रश्न ठेवू शकत. प्रत्येक सोमवारी विश्रांती असे. पुढे जाणारी ही तुकडी विद्यार्थ्यांची होती, हे आमच्या बालवाचकांनी ध्यानात ठेवावे.

याच यात्रेतील भाटगाम येथील प्रसंग तर अत्यंत बोधप्रद आहे. यात्रेकरूंसाठी सुरतेहून मोटारीने दूध आणविले जाते, व रात्रीच्या वाटचालीत मजुराच्या डोक्यावर जड दिवा दिला जातो, हे पाहून गांधीजी व्यथित झाले. 29 मार्चच्या सभेत त्यांनी स्वतःस व सहकाऱ्यांस जाहीरपणे दोष दिला. गरिबांच्या नावाने निघालेल्या यात्रेचा भार गरिबाच्याच माथ्यावर पडावा, हे त्यांस सहन झाले नाही. हवामानासाठी निघालेल्या यात्रेमागून मोटारींची रांग धूर सोडीत चालली, किंवा मुक्कामावर कचऱ्याचे ढीग राहिले, तर त्या यात्रेचा उपदेश कोण ऐकणार?

कोणी म्हणेल, इतके चालून हवेतील वायू कितीसा कमी झाला? खरे आहे, चालण्याने तो कमी होत नाही. सान्यो हे 2015 साली रोमहून पॅरिसपर्यंतही यात्रेबरोबर चालत गेले, आणि 12 डिसेंबर 2015 रोजी तेथे राष्ट्रांचा करार झाला. परंतु त्या कराराचे श्रेय चालणाऱ्यांस देणे अतिशयोक्तीचे होईल. यात्रेचे फळ निराळे आहे. दूर देशीचे संकट ती दाराशी आणून उभे करते, आणि दमल्या पायांनी आलेल्या पाहुण्यास लोक पाटपाणी देऊन त्याचे ऐकतात व आपलेही सांगतात.

विद्यार्थ्यांनी एकदम हजार किलोमीटरांचे मनोरथ रचू नयेत. शिक्षकांच्या देखरेखीखाली, थंडीच्या दिवसांत, जवळच्या तीन-चार गावांची दोन दिवसांची यात्रा प्रथम करावी. मार्ग आधी कोणी मोठ्या माणसाने चालून पाहावा. पिण्याचे पाणी, सावली व मुक्काम निश्चित करावे. मागे औषधांची पेटी असावी. आणि सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीने सर्वांनी चालावे. प्रत्येक गावी वडीलधाऱ्यांस नम्रपणे विचारावे की, आजोबा, आपल्या लहानपणी ही विहीर कोणत्या महिन्यात आटत असे? पेरणी केव्हा होई? आंब्यास मोहोर केव्हा येई? उत्तरे वहीत तारीखवार लिहावी. एका आजोबांची आठवण म्हणजे शास्त्र नव्हे. परंतु अनेक गावांच्या आठवणी पर्जन्यमापकाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तर तो अभ्यासाचा उत्तम प्रारंभ होईल.

पालकांसही आमची एक विनंती आहे. अशा यात्रेस मुले निघाली तर त्यांस अडवू नये. साधी भाकरी बांधून द्यावी, आणि परत आल्यावर ती वही एकदा स्वतः वाचावी.