मसाई माराला निघालेल्या भाचीसाठी

पोरी, आक्काचा फोन आला तेव्हा मी माळावरच होतो. ऑगस्टमध्ये केनियाला जायचं पक्कं झालं, मुंबईहून नैरोबीचं तिकीट काढलं, असं ती सांगत होती आणि मागून तुझा आवाज येत होता, "मामाला विचार, लेन्स कुठली घेऊ?" लेन्सचं सांगतो. पण आधी लसीचं.

पीतज्वराची लस या आठवड्यातच ठरवून टाक. ती आपल्या जतच्या दवाखान्यात मिळत नाही. सरकारनं नेमलेल्या केंद्रांवरच टोचतात, त्यासाठी पुण्या-मुंबईला जावं लागतं आणि नाव आधी नोंदवावं लागतं. टोचल्यापासून दहा दिवसांनी तिचा दाखला लागू धरतात, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ठेवू नको. तो पिवळा दाखला परतताना आपल्याच विमानतळावर मागतात, आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. २०१६ पासून हा दाखला जन्मभर चालतो. ही लस कोंबडीच्या अंड्यात वाढवतात, त्यामुळे अंड्याचं वावडं असेल तर डॉक्टरांना आधी सांग. हिवतापाच्या गोळ्यांचंही त्याच दिवशी विचारून घे.

जाताना विमानतळावर कस्टमवाल्यांना कॅमेरा आणि लेन्स दाखवून, त्यांचे नंबर लिहून निर्यातीचा दाखला घे. परत आल्यावर "हे तिकडं विकत घेतलं का?" असं कुणी विचारलं, तर तोच कागद कामाला येतो. बॅटऱ्या हातातल्या पिशवीत ठेव, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात सुट्या बॅटऱ्या चालत नाहीत. आणि आपल्याकडची सवय म्हणून कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळशील, तर तसं करू नको. केनियात २०१७ पासून या पिशव्यांवर बंदी आहे. राष्ट्रीय उद्यानांत आणि राखीव जंगलांत २०२० पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत. उशीचे दोन जुने, मऊ अभ्रे ने. गाडी चालू असताना कॅमेरा अभ्र्यात आणि अभ्रा मांडीवर.

आता लेन्स. १००-४०० असो की १५०-६००, जी तुझ्या हाताला आधीपासून सवयीची आहे तीच ने. प्रवासाच्या तोंडावर नवी घेऊ नको. जमलं तर जास्तीची एक बॉडी भाड्यानं घे आणि तिच्यावर छोटी लेन्स कायमची लावून ठेव. मी गेलो तेव्हा माझ्याकडं एकच बॉडी होती. हत्तींचा कळप अगदी गाडीजवळ आला, मोठ्या लेन्समध्ये नुसता कानच मावेना, म्हणून मी घाईनं लेन्स बदलायला घेतली. तेवढ्यात मागून दुसरी गाडी गेली आणि तिची सगळी धूळ उघड्या कॅमेऱ्यात बसली. पुढचे दोन दिवस प्रत्येक फोटोत आभाळात त्याच जागी काळा ठिपका होता. हत्ती तर केव्हाच निघून गेले होते. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही, पोरी.

तिपाई घरीच ठेव, गाडीत तिला जागा नसते. त्याऐवजी जाड कापडाची, दोन्ही बाजूंना लोंबणारी पिशवी शिवून घ्यायची, खोगिरासारखी. नेताना रिकामी न्यायची आणि तिथं पोहोचल्यावर मुक्कामाच्या ठिकाणी तांदूळ किंवा घेवडा मागून भरायची. गाडीच्या कडेवर ती टाकून लेन्स वर रोवली की हात हलत नाही. पण इंजिन चालू असेल तर त्या पिशवीचाही उपयोग नाही, म्हणून गाडी थांबली की इंजिन बंद करायला सांगायचं.

जाण्याआधी एक सराव मात्र इथंच कर. कुणाच्या तरी गोठ्यात खिलार बैल आणि म्हैस शेजारी उभे करून दोघांचा मिळून फोटो काढ. मग एकेकट्याचा काढ. कॅमेऱ्याला समोरचं सगळं मध्यम राखाडी वाटतं. नुसती म्हैस दिसली की तो तिला उजळ करतो आणि तिचं अंग फिकं पडतं, नुसता खिलार दिसला की त्याला मळकट करतो. म्हशीला उजेड थोडा कमी द्यायचा, खिलाराला थोडा जास्त, आणि दोघं एकत्र असतील तर खिलाराच्या पाठीवरचे केस दिसतात ना तेवढं बघायचं. माऱ्यात काळी रानम्हैस असेल आणि तिच्या पाठीवर पांढरा बगळा. तिथं बोटांना विचार करायला वेळ मिळत नाही, तो हिशेब गोठ्यातच पाठ झालेला बरा.

उजेडाचं म्हणशील तर मारा विषुववृत्ताला अगदी लागून आहे. सूर्य तिरका न येता जवळजवळ उभाच वर चढतो, त्यामुळे सकाळचा सोनेरी उजेड आपल्यापेक्षाही लवकर सरतो. पहिल्या तासाभरात जे मिळेल ते मिळेल. दहानंतर जमीन तापली की लांबच्या प्राण्याचा फोटो कितीही भारी लेन्सनं काढ, तो पाण्यातून काढल्यासारखा थरथरतो. उन्हाळ्यात संखच्या रस्त्यावर दिसतं तेच मृगजळ. त्या वेळी लांबचं काही काढू नको, जवळचं काढ नाहीतर कॅमेरा खाली ठेवून नुसतं बघ. आणि जाड स्वेटर ने. आफ्रिका म्हटल्यावर ऊन डोळ्यापुढं येतं, पण मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे आणि ऑगस्टमधली पहाट दात वाजवते. कपडे मातकट रंगाचे असू देत. गडद निळ्या आणि काळ्या रंगावर तिथली त्सेत्से माशी येते.

हे सगळं कुणीही सांगेल. मला तुला जे सांगायचं आहे, ते मला माडग्याळच्या एका मेंढपाळानं सांगितलं होतं. फिल्मचा काळ, छत्तीस फोटोंचा रोल. मी लांडग्याच्या फोटोसाठी तीन दिवस त्याच्या कळपामागं हिंडत होतो आणि दुर्बिणीनं माळ पिंजत होतो. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "लांडगा हुडकू नका. मेंढी कुठं बघतीया ते बघा." माडग्याळी मेंढी तू पाहिली आहेस, उंच, बाकदार नाकाची. चरता चरता चार-पाच मेंढ्यांनी माना वर केल्या आणि सगळ्यांचे कान एकाच बाजूला वळले. मी तिकडं पाहिलं, तर बांधाच्या आडोशाला तो उभा होता.

माऱ्यात हेच कर. झेब्र्यांचा कळप चरायचा थांबून एकाच दिशेला बघत असेल, तर त्या दिशेच्या गवतात कुणीतरी आहे. टोपी नावाचं हरीण वारुळावर उभं राहून फुरफुरत असेल, तर त्याची नजर धर. पहुडलेली सिंहीण एकामागून एक जांभया देऊ लागली, तर ती झोपायला नाही, उठायला निघाली आहे. गरुड-घारीनं बसल्या जागी शिटलं की बहुतेक वेळा ती उडते, तेव्हा बोट तयार ठेव, शटर दोन हजाराच्या आसपास. चित्ता वारुळावर चढून बसला आणि त्याची मान एका जागी थिजली, की पुढची पंधरा मिनिटं दुसरीकडं बघू नको.

चित्त्याजवळ जास्त जपून वाग. एके काळी तो आपल्याही माळांवर होता. १९५२ साली तो भारतातून संपल्याचं सरकारनं जाहीर केलं. त्याच्याही आधी आपल्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानात काळविटांच्या शिकारीसाठी थेट आफ्रिकेतून चित्ते आणून पाळत असत, कारण इथले मिळेनासे झाले होते. २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाहून कुनोत चित्ते आणले तेव्हा मला ते कोल्हापूरचे चित्ते आठवत होते. हा प्राणी दिवसाउजेडी शिकार करतो आणि नेमक्या त्याच वेळी गाड्या त्याला घेरतात. एका प्राण्याजवळ पाचपेक्षा जास्त गाड्या नकोत, असा माऱ्यात नियम आहे. तुझी सहावी असेल तर मागं थांब. रस्ता सोडून गवतात गाडी घालायला चालकाला भरीस पाडू नको. तो नाही म्हणाला तर ऐक, दंड त्याला होतो, परवाना त्याचा असतो, एवढं लक्षात ठेव. बक्षिशी द्यायची ती त्यानं नियम पाळला म्हणूनही द्यायची.

त्या चालकाशी पहिल्याच संध्याकाळी बस आणि त्याला मोकळेपणानं सांग, मला यादी पुरी करायची नाही, एकाच कळपाजवळ सकाळभर थांबलं तरी चालेल. बहुतेक लोक उलटं मागतात, त्यामुळे तो खूश होईल आणि त्याला ठाऊक असलेल्या जागा दाखवील. त्यांची स्वाहिली भाषा तुला परकी वाटणार नाही. गाडीला ते गारी म्हणतात, दुकानाला दुका, चहाला चाय. सिंहाला सिंबा. मसाई गुराख्यांचा फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नको. आपल्या धनगरवाड्यावर कुणी न विचारता कॅमेरा रोखला तर आपल्याला कसं वाटतं?

नदी ओलांडणाऱ्या नू प्राण्यांसाठी तू निघाली आहेस, हे मला ठाऊक आहे. काठावर ते तास-तासभर थांबतात, पुढं येतात, परत फिरतात. काही वेळा दिवसभरात उतरतच नाहीत. उतरले तर पहिली दोन मिनिटं फोटो काढ आणि मग कॅमेरा खाली ठेव. मी नाही ठेवला. मगरीच्या तोंडून सुटून एक पिल्लू काठावर चढलं, म्हणे. माझ्या शेजारचे सगळे ओरडले. मी त्या वेळी मागच्या पडद्यावर आधीचा फोटो मोठा करून बघत होतो.

एक वही ने. आपल्या जिल्ह्यातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याला जाऊन राहिले ते वही आणि चित्रं काढायचं सामान घेऊन, त्यातून पुस्तक झालं. रोज रात्री फोटो दोन ठिकाणी उतरवून झाले की दहा ओळी लिही: वारा कुठून होता, कोण कुणाकडं बघत होतं. आपल्या तारांवर बसते ती पांढरी-करडी, लाल डोळ्यांची कापशी घार तिथंही दिसेल, तिची नोंद नक्की कर. मला तिचं तिकडचं ऐकायचं आहे.

पिशवी शिंप्याकडं टाकली आहे, चार दिवसांत मिळेल. रविवारी मुक्कामाला ये आणि सोमवारी पहाटे पाचला उठायची तयारी ठेव. मेंढ्यांचा कळप उजाडता उजाडता निघतो, धूळ उडते आणि सूर्य बरोबर तिच्या मागून येतो. तुझी नेहमीची लेन्स आण. पहिला अर्धा तास तिच्यावरचं झाकण काढायचं नाही.