झोप : मेंदूची झाडलोट

झोप म्हणजे वाया गेलेला वेळ, अशी आपल्याकडे समजूत आहे. परीक्षा आली की आपण रात्री जागतो. माझे वडील रब्बीत हरभऱ्याला पाणी देण्यासाठी जागतात, कारण मोटारीला वीज तेव्हाच मिळते. या जागरणाची किंमत मेंदूला मोजावी लागते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

शरीरातील टाकाऊ द्रव्ये वाहून नेण्यास लसीकावाहिन्या असतात. मेंदूच्या गाभ्यात त्या नाहीत. मग तेथील केर जातो कसा? २०१२ साली अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठात जेफ्री इलिफ, मायकेन नेडरगार्ड व सहकाऱ्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून एक उत्तर मांडले. पाटाचे पाणी सरीत उतरावे, तसा मेंदूभोवतीचा द्रव रोहिण्यांच्या कडेने आत झिरपतो, पेशींमधील फटींतून फिरतो आणि निरुपयोगी प्रथिने घेऊन बाहेर पडतो. २०१३ मध्ये असे आढळले की, झोपलेल्या उंदरांत या फटींची जागा सुमारे ६० टक्क्यांनी वाढते.

डोक्याला मार लागला तर? २०१४ च्या प्रयोगात जखमी उंदरांमधील हा प्रवाह सुमारे ६० टक्क्यांनी घटला आणि निदान महिनाभर मंदच राहिला. द्रवाला वाट देणारी पेशींवरील सूक्ष्म दारे जागेवरून ढळली होती.

तथापि हा वाद मिटलेला नाही. २०२४ मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील संशोधकांना उंदरांत झोपेच्या वेळी हा निचरा उलट कमी झालेला दिसला. म्हणून उंदरांवरील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावणे उतावीळपणाचे ठरेल. परंतु अपुऱ्या झोपेने स्मरण व एकाग्रता ढळते, याविषयी दुमत नाही.

आमच्या जालना रस्त्यावर दुचाकीवरून पडलेला मजूर डॉक्टरांनी विश्रांती सांगूनही तिसऱ्या दिवशी कामावर दिसतो, कारण घरी बसल्यास चूल पेटत नाही. ज्या मेंदूला विसाव्याची सर्वाधिक गरज, त्यालाच तो मिळत नाही! निदान हेल्मेट तरी आपल्या हाती आहे. मात्र मार लागल्यावर गुंगी वाढत असेल, उलट्या होत असतील, तर "झोपू द्या" म्हणू नये; तत्काळ रुग्णालय गाठावे.

मित्रहो, आमच्या घरातून महाविद्यालयात येणारा मी पहिलाच. रात्रभर दिवा जळला म्हणजे अभ्यास झाला, असे घरच्यांना वाटते. त्यांना मी आता एवढेच सांगतो : वेळेवर दिवा मालवणे हाही अभ्यासाचाच भाग आहे.