पिवळी पडलेली हिरवळ : निदान आणि उपचार

घरापुढे दोनशे-तीनशे चौरस फुटांची का होईना, पण हिरवळ असावी, ही हौस आता तालुक्याच्या गावीही दिसून येते. शासकीय निवासस्थाने, शाळांची आवारे, ग्रामपंचायतीच्या कार्यालयापुढील मोकळी जागा आणि खाजगी घरे अशा सर्व ठिकाणी हिरवळ लावली जाते. पहिले वर्ष सुखाचे जाते. दुसऱ्या वर्षी कोठेतरी एक पिवळा डाग उमटतो आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू होतो. शेजारी युरिया टाकण्यास सांगतात, माळी पाणी वाढवतो, आणि दुकानदार एक बाटली हातात ठेवतो. बहुधा हे तिन्ही उपाय एकाच आठवड्यात होतात. त्यामुळे गवत सुधारले तरी कशाने सुधारले हे कळत नाही, आणि बिघडले तर कशाने बिघडले हेही कळत नाही.

प्रस्तुत लेखकही या चुकीला अपवाद नाही. काही वर्षांपूर्वी एका एप्रिल महिन्यात आपल्या अंगणातील हिरवळ फिकट पडलेली पाहून त्याने भर दुपारी मुठीने युरिया फेकला आणि पाणी संध्याकाळी देऊ असे ठरविले. संध्याकाळी पाणी आले नाही. चार दिवसांनी हाताच्या प्रत्येक फेकीची नक्षी करपलेल्या गवतात स्पष्ट उमटली होती. मूळ दुखणे नत्राचे नव्हतेच. ते लोहाचे होते, आणि ते ओळखण्यास दोन मिनिटे खाली बसून पाने पाहणे पुरेसे झाले असते.

पिवळेपणा हा रोग नव्हे, ते लक्षण आहे. ताप आला म्हणजे नेमके काय झाले हे जसे नुसत्या तापावरून सांगता येत नाही, तसेच हे आहे. निदानासाठी लागणारी साधने घरातच असतात : एक हातभर लांब लोखंडी सळई, एक खुरपे, दोन-तीन रिकामे डबे आणि एक बादली.

प्रथम डागाचा आकार पाहावा

सरळ रेषेत, पट्ट्यांत किंवा ठरावीक अंतरावर दिसणारा बिघाड बहुधा माणसाच्या हातून झालेला असतो. खत असमान पडले, फवाऱ्याचे पाणी एका कोपऱ्यापर्यंत पोहोचले नाही, कापणीचे यंत्र एका ठिकाणी खोल बसले, अशी त्याची कारणे असतात. वाटीएवढा करपलेला डाग आणि त्याभोवती गडद हिरवे कडे दिसले, तर ते कुत्र्याच्या मूत्राचे काम समजावे. तेथे भरपूर पाणी ओतून क्षार खाली उतरवावेत, दुसरे औषध नाही. गवताच्या पात्यांची टोके पांढरट व चिंधीसारखी फाटलेली असतील, तर यंत्राचे पाते बोथट झाले आहे. धार लावणे हाच उपाय. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये. सणासुदीला पाहुणे येणार म्हणून वाढलेले गवत एकदम बुडापासून कापले की खालचे तपकिरी देठ उघडे पडतात आणि ऐन समारंभात हिरवळ वाळल्यासारखी दिसते.

वेडावाकडा, दर आठवड्याला पसरत जाणारा डाग मात्र जमीन, कीड किंवा बुरशी यांच्याकडे बोट दाखवितो. अशा वेळी खाली बसून सळई हाती घ्यावी.

सळई आणि बादली

पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सळई जमिनीत हाताने दाबावी. ती सुमारे 15 सेंटीमीटर सहज गेली तर ओल व भुसभुशीतपणा ठीक आहे. ती दोन बोटे जाऊन अडली तर दोन शक्यता असतात. एक, पाणी वरच्यावर दिले जात असून खाली कोरडे आहे. दोन, माती तुडवून घट्ट झाली आहे. खुरप्याने एक लहानसा चौकोन कापून पाहिला की उलगडा होतो. रोज थोडे थोडे पाणी मिळणाऱ्या गवताची मुळे वरच्या थरातच घुटमळतात आणि मे महिन्याच्या उन्हात तो थर सर्वांत आधी तापतो. म्हणजे रोजचे पाणीच गवताला दुबळे करते, हे पुष्कळांना पटत नाही.

आता बादलीचा हिशेब करू. रबरी नळीखाली 15 लिटरची बादली ठेवून ती भरण्यास लागणारा वेळ मोजावा. एका मिनिटात भरत असेल, तर तासाभरात 900 लिटर पाणी जाते. ग्रामीण भागात जल जीवन मिशनने धरलेले प्रमाण माणशी रोज 55 लिटर आहे. एक तासभर नळी सोडून ठेवणे म्हणजे सोळा माणसांचे दिवसाचे पाणी अंगणात ओतणे होय. महिन्याला हे 27,000 लिटर होतात. याउलट, 100 चौरस मीटर हिरवळीला 20 मिलिमीटर पाणी एकदाच द्यावयाचे म्हणजे 2,000 लिटर, कारण एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. मध्यम-भारी जमिनीत उन्हाळ्यात असे पाणी पाच दिवसांनी एकदा दिले तरी हरळीचे भागते. महिन्याचा खर्च 12,000 लिटर, आणि मुळे खोल जातात. फवारा वापरत असल्यास हिरवळीवर दोन-तीन रिकामे डबे मांडून ठेवावेत. त्यांत किती मिलिमीटर पाणी साचले हे पट्टीने मोजता येते, आणि कोणता कोपरा उपाशी राहतो हेही त्याच वेळी समजते.

पाणी केव्हा द्यावे, हे गवत स्वतः सांगते. त्यावरून चालत गेल्यावर पावलांचे ठसे तसेच दबून राहिले आणि रंगावर निळसर राखाडी झाक आली, म्हणजे तहान लागली. पाते उसळून वर आले तर अजून अवकाश आहे. पाणी सकाळी द्यावे. रात्रभर ओले राहिलेले पान बुरशीला आमंत्रण देते.

माती घट्ट झाली असेल तर पावसाळ्याच्या तोंडी, जमीन ओलसर असताना, दर वीतभर अंतरावर 10 सेंटीमीटर खोल भोके पाडून त्यांत चाळलेले कंपोस्ट भरावे. शाळांच्या आवारात हा उपाय एका ठिकाणी कधीच टिकत नाही : फाटकापासून वर्गाकडे जाणारी तिरपी पाऊलवाट. तेथे दरवर्षी नवे गवत लावण्यापेक्षा त्याच रेषेत फरशा बसवाव्यात. रस्ता कोठे असावा हे मुलांनी आपल्या आधीच ठरविलेले असते.

भूक कोणती, हे पान सांगते

नत्र कमी पडले तर जुनी, खालची पाने आधी पिवळी पडतात आणि वाढ मंदावते. लोह कमी पडले तर नवी, कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. पठारावरील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत दुसरा प्रकार फार आढळतो. जमिनीत लोह असते, पण चुन्यामुळे ते गवताला घेता येत नाही. अशा वेळी युरिया दिल्यास वाढ होते आणि लोहाची ओढ आणखी वाढते.

नत्रासाठी 100 चौरस मीटरला सुमारे एक किलो युरिया, तोही दोन भागांत, कोरड्या पानांवर सारखा टाकून लगेच पाणी द्यावे. लोहासाठी एक लिटर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून सकाळी फवारावे व दहा-बारा दिवसांनी पुन्हा फवारावे. फवारा शहाबादी फरशीवर किंवा भिंतीवर उडू देऊ नये. पडलेले तांबडे डाग निघत नाहीत, आणि घरातील मंडळी ते विसरतही नाहीत.

कडेने पांढरा थर धरणारी आणि टोके जाळणारी जमीन क्षारांची असते. कूपनलिकेचे मचूळ पाणी हे तिचे नेहमीचे कारण. तेथे मातीचा नमुना जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेकडे पाठवावा. अहवालाशिवाय जिप्सम टाकू नये.

मुळाखालचा शत्रू

ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, पाऊस चांगला असूनही गवत ठिकठिकाणी वाळू लागले, तर वाळलेल्या भागाच्या कडेचे गवत मुठीत धरून ओढावे. ते चटईसारखे उचलून आले आणि खाली इंग्रजी सी अक्षरासारख्या वळलेल्या, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या दिसल्या, तर ती हुमणी होय. उसाच्या व भुईमुगाच्या शेतकऱ्यांना तिची ओळख करून देण्याची गरज नाही. तिने मुळे खाल्लेली असल्याने कितीही पाणी दिले तरी वरचे गवत पिऊ शकत नाही.

हुमणीचा खरा बंदोबस्त हिरवळीत नव्हे, झाडावर होतो. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की मे-जूनमध्ये संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून बाहेर पडून कडुनिंब व बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडावेत व रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकावेत. मादी अंडी घालण्यापूर्वी हे झाले तर पुढचे सर्व टळते. मात्र एका अंगणात करून भागत नाही. गल्लीने किंवा गावाने मिळून करावयाचे हे काम आहे. अळ्या असलेल्या जागी मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळून पावसाळ्यात ओल्या जमिनीत द्यावी. अर्धवट कुजलेले शेणखत हिरवळीवर पसरणे म्हणजे अळ्या विकत आणणे होय.

येथे एक इशारा आवश्यक आहे. बागकामाच्या जुन्या पुस्तकांत हुमणी व वाळवीसाठी बीएचसी पावडर धुरळण्याची शिफारस सापडते. बीएचसीवर भारतात 1997 पासून बंदी आहे. फोरेटच्या दाणेदार औषधावरही 2020 च्या अखेरीपासून बंदी आली. शाळेच्या किंवा घराच्या कोठीत अशी जुनी पिशवी पडून असेल तर ती उघडू नये. हिरवळीवर मुले अनवाणी खेळतात, रांगती मुले माती तोंडात घालतात. शेतातील पिकासाठी नोंदविलेले औषध अंगणात वापरताना हा फरक कोणी लक्षात घेत नाही.

लव्हाळा आणि सावली

तणांमध्ये लव्हाळ्याइतके चिवट दुसरे नाही. त्याचा देठ बोटांत फिरविला तर तीन कडा लागतात; गवताचा देठ तसा नसतो. खाली गाठींची माळ असते. वरचे पाते उपटले की गाठी जागच्या जागी राहतात आणि पुन्हा फुटतात. म्हणून खुरपे खोल घालून गाठीसकट काढावे आणि पुन्हा उगवला की पुन्हा काढावे. दोन हंगाम हे चालते. हिरवळ नव्याने करावयाची असेल तर एप्रिल-मेमध्ये जमीन खोल खणून गाठी उन्हात वाळू द्याव्यात, वेचाव्यात, आणि मगच लागवड करावी. हे एक काम टाळल्यामुळे जितक्या हिरवळी वाया जातात, तितक्या कोणत्याही रोगाने जात नसाव्यात.

आंब्याखालील विरळ हिरवळीला औषध नाही. हरळीला दिवसाचे किमान सहा तास ऊन हवे. तेथे पार बांधावा. सावलीचा उपयोग माणसांना होऊ द्यावा.

पावसाळ्यात उगवणाऱ्या छत्र्यांना भिण्याचे कारण नाही. जमिनीत गाडलेले लाकूड किंवा जुने खोड कुजत असल्याचे ते चिन्ह आहे. मुलांना त्या खाऊ देऊ नयेत, एवढी काळजी पुरे.

वाळलेली म्हणजे मेलेली नव्हे

2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. तेव्हापासून टंचाईच्या गावांत हिरवळीला पाणी द्यावे की नाही, हा प्रश्न ग्रामपंचायतीच्या सभेत निघतो, आणि निघालाच पाहिजे. कार्यालयापुढची हिरवळ वाळली तर लावण्याचा खर्च बुडाला, असे गृहीत धरून टँकरचे पाणी तिच्यावर घातले जाते. हे गृहीतच चुकीचे आहे.

आपल्याकडे सर्वत्र आढळणारी हरळी, म्हणजेच दूर्वा, पाणी संपले की वरची पाने सोडून देते आणि जमिनीखालच्या कांड्यांत जीव राखते. शेतकरी तिला शेतातून हुसकून हुसकून थकतो ते याच गुणामुळे, आणि तोच गुण आपण अंगणासाठी पैसे मोजून विकत घेतो. खात्री करावयाची असल्यास वाळलेल्या भागात खुरपे घालून एक कांडे काढावे व नखाने खरवडावे. आतून पांढरे आणि टणक असेल तर ते जिवंत आहे. तपकिरी, पोकळ आणि ठिसूळ असेल तरच मेले. दहा ठिकाणी पाहून सात-आठ कांडी पांढरी निघाली, तर त्या उन्हाळ्यात पाणी बंद ठेवण्यास हरकत नाही. फक्त अशा झोपलेल्या हिरवळीवर वाहने उभी करू नयेत, कापणी करू नये आणि खतही टाकू नये. नर्सरीतून आणलेल्या ‘सिलेक्शन वन’ किंवा ‘मेक्सिकन’ अशा नावांच्या गवतांबाबत मात्र ही चाचणी केल्याशिवाय निर्णय घेऊ नये. सर्वांची सहनशक्ती सारखी नसते.

नाशिक, नागपूर या भागांत डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हरळीचा रंग उतरतो, तोही असाच विसावा आहे. त्यावर युरियाचा मारा करू नये.

मृगाच्या सरी पडल्यावर दोन-तीन आठवडे थांबावे. तोपर्यंत जे हिरवे व्हावयाचे ते होते आणि उरलेले खरे डाग उघडे पडतात. तेवढ्याच जागा खणून, शेजारच्या निरोगी हिरवळीतील मुळे फुटलेल्या काड्या वीतभर अंतरावर तिरप्या लावाव्यात, पायाने हलके दाबाव्यात आणि त्या जागेवर महिनाभर कोणाला चालू देऊ नये.