सिबिल कमी आहे आणि घराचं लोन हवंय? आधी हा क्रम पाळा



या आठवड्याच्या व्हिडिओचा विषय होता कमी सिबिल स्कोअर आणि होम लोन. तोच धडा इथे आकड्यांसकट लिहून देतोय, म्हणजे बँकेत जाण्याआधी पुन्हा डोळ्यांखालून घालता येईल. वही-पेन घेऊन बसा.

धंद्याच्या शिकवणीत होम लोन कशाला, असं काहींना वाटेल. कारण सोपं आहे. आपल्यापैकी बहुतेकांचा धंदा प्रोप्रायटरशिपचा असतो. पाटीवर दुकानाचं नाव काहीही असो, पॅन मालकाचाच. दुकानासाठी उचललेलं लोन, गाडीचा हप्ता, क्रेडिट कार्ड, सगळं एकाच पॅनखाली जमा होतं. घरासाठी अर्ज केला की बँक तोच रिपोर्ट उघडते.

टेन्शन नेमकं कुठून येतं?

समजा, चिंचवडला तुमचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. 32 लाखांचा वन बीएचके पसंत पडला. सेल्सवाला म्हणाला, "आज टोकन टाका, लोनचं आम्ही बघतो." तुम्ही टोकन दिलं. पंधरा दिवसांनी बँकेतून फोन आला, "स्कोअर 638 आहे, फाइल होणार नाही." आता टोकन अडकलंय, घरमालकाला खोली सोडतो म्हणून सांगून झालंय, पाहुण्यांत बातमी गेलीय. घरी काय सांगायचं कळत नाही म्हणून माणूस गप्प बसतो. रात्री झोप नाही, दिवसा गिऱ्हाइकावर चिडचिड.

याच अवस्थेत तीन गोष्टी हातून होतात. एक, लगोलग चार-पाच बँकांत अर्ज. दोन, "सिबिल साफ करून देतो" म्हणणाऱ्या एजंटला पैसे. तीन, डाउन पेमेंटसाठी ॲपवरून झटपट लोन. पहिल्या आणि तिसऱ्याने स्कोअर आणखी पडू शकतो, दुसऱ्याने नुसताच खिसा रिकामा होतो. खरी नोंद पैसे घेऊन कोणीही पुसू शकत नाही, आणि चुकीची नोंद दुरुस्त करायला एजंट लागत नाही.

म्हणून आजच्या धड्याचं एकच वाक्य लिहून ठेवा: नकार आल्यावर पहिला आठवडा नवा अर्ज करायचा नसतो, रिपोर्ट वाचायचा असतो. "आपलं काय चुकलं" हेच माहीत नसतं तोवर भीती मोठी वाटते. कागदावर आलं की ती मोजता येते.

पायरी 1: रिपोर्ट काढा

सिबिल स्कोअर 300 ते 900 च्या मध्ये असतो. साधारण 750 च्या वर असेल तर बोलणी सोपी जातात. किमान स्कोअर किती हवा हे प्रत्येक बँक स्वतः ठरवते. एका बँकेचा नकार म्हणजे सगळ्यांचा नकार नव्हे.

आपल्याकडे अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. आरबीआयच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. आपण स्वतः रिपोर्ट पाहिला तर स्कोअर कमी होत नाही. बँकेने अर्जासाठी पाहिला की त्याची चौकशी म्हणून नोंद होते, आणि थोड्या दिवसांत अशा खूप नोंदी दिसल्या की "हा माणूस पैशासाठी फिरतोय" असा अर्थ काढला जातो.

बँकेने नकार दिला असेल तर मुख्य कारण लेखी मागा. ते देणं बँकेला बंधनकारक आहे.

पायरी 2: वहीत तीन रकाने आखा

रिपोर्टमधली प्रत्येक अडचण खालीलपैकी एका रकान्यात टाका.

*रकाना 'चूक':* फेडलेलं लोन अजून चालू दिसतंय, दुसऱ्याचं खातं आपल्या नावावर आलंय, पॅन किंवा जन्मतारीख चुकलीय. याची तक्रार त्या कंपनीच्या वेबसाइटवर फुकट करता येते. 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई असा आरबीआयचा नियम 2024 पासून लागू आहे. तरीही दाद मिळाली नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे जाता येतं.

*रकाना 'बाकी':* इथे सगळ्यात फसवा शब्द म्हणजे 'सेटल्ड'. कार्डाचे 60 हजार थकले होते, वसुलीवाला म्हणाला 35 हजार भरा, विषय संपला. तुमच्यासाठी संपला. रिपोर्टमध्ये मात्र 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' आलं, म्हणजे पूर्ण पैसे दिले नाहीत. शक्य असेल तर त्या बँकेशी बोलून उरलेली रक्कम भरा, नो ड्यूज पत्र घ्या आणि नोंद बदलायला लेखी सांगा. मित्राच्या लोनला जामीन राहिला असाल तर तेही याच रकान्यात तपासा. त्याचे हप्ते थकले की झळ तुम्हालाही लागते.

*रकाना 'सवय':* उशिरा भरलेले हप्ते, बाउन्स झालेले हप्ते, दर महिन्याला काठोकाठ वापरलेलं कार्ड. ही नोंद खरी आहे, ती पुसली जात नाही. पण रिपोर्टमध्ये मागच्या 36 महिन्यांचा हप्त्यांचा हिशोब दिसतो. प्रत्येक वेळेवरचा हप्ता एक जुना महिना मागे ढकलतो. कार्डाचा वापर लिमिटच्या 30 टक्क्यांच्या आत ठेवा. हप्त्याची तारीख धंद्याच्या वसुलीनंतरची करून मिळते का, बँकेला विचारा. 2025 पासून बँकांना ही माहिती निदान दर पंधरा दिवसांनी पाठवावी लागते, त्यामुळे सुधारणाही पूर्वीपेक्षा लवकर दिसते.

पायरी 3: घरात सांगा, टोकन सांभाळा

हे काम 'बाकी'च्याही आधी उरकलंत तरी चालेल. तीन रकान्यांची वही नवरा-बायकोने एकत्र बसून वाचा. एकट्याने लपवलेलं टेन्शन दोघांनी वाचलं की ते काम बनतं. शिवाय जोडीदाराला सहअर्जदार करायचं असेल तर त्यांचाही रिपोर्ट तपासला जातो आणि परतफेडीची जबाबदारी दोघांची असते. नुसती सही मागू नका, समजावून सांगा.

टोकन देण्याआधी पावतीवर लिहून घ्या: "कर्ज मंजूर न झाल्यास टोकन पूर्ण परत." रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनाम्याआधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. हे माहीत असलेल्या गिऱ्हाइकाशी सेल्सवाला वेगळ्या सुरात बोलतो.

पायरी 4: थांबायचं की आत्ताच घ्यायचं?

कमी स्कोअरवरही काही हाउसिंग फायनान्स कंपन्या लोन देतात, पण व्याज जास्त लावतात. उदाहरण म्हणून 25 लाख, 20 वर्षं घेऊ.

- 8.5 टक्के दराने हप्ता: सुमारे 21,700 रुपये
- 10.5 टक्के दराने हप्ता: सुमारे 24,960 रुपये

फरक महिन्याला जवळपास 3,260 रुपये. दर तसाच राहिला तर 20 वर्षांत 7.8 लाखांच्या आसपास. आता हाच आकडा दुकानाच्या भाषेत बघा. महिन्याला 3,260 रुपये निव्वळ नफा मिळवायला किती मोबाईल दुरुस्त करावे लागतील? सहा-आठ महिने थांबून स्कोअर सुधारणार असेल, तर बहुतेक वेळा थांबणं परवडतं. घर खरंच आत्ता गरजेचं असेल तर घ्या, पण नंतर दुसऱ्या बँकेत बदली करता येईल अशा अटी आधी वाचून. आणि दुकानाचं खेळतं भांडवल डाउन पेमेंटमध्ये घालू नका. माल भरायला पैसे उरले नाहीत, तर पहिला हप्ताच चुकेल.

पायरी 5: एकच अर्ज, पूर्ण तयारीने

आपल्या धंदेवाल्यांची दुसरी अडचण म्हणजे रोकड. गल्ल्यातला पैसा बँकेला दिसत नाही. रोजचा गल्ला करंट खात्यात भरा, रिटर्न वेळेवर आणि खरं उत्पन्न दाखवून भरा. अर्जासोबत एका पानाचं पत्र जोडा: हप्ते कोणत्या काळात आणि का चुकले, बाकी कधी फेडली, त्यानंतर किती हप्ते वेळेवर गेले. नो ड्यूज पत्राची झेरॉक्स लावा. हे पत्र मंजुरीची हमी नाही, पण फाइल बघणाऱ्या अधिकाऱ्याला वर मांडण्यासाठी कारण मिळतं.

या आठवड्याचा होमवर्क

1. एका कंपनीकडून फुकट रिपोर्ट काढा. घर घ्यायचं नसलं तरी काढा. उद्या मुद्रा लोनला हाच लागणार आहे.
2. तीन रकाने भरा आणि प्रत्येक ओळीपुढे तारीख टाका: हे काम कधी होणार.
3. रविवारी ती वही घरच्यांपुढे ठेवा.

पुढच्या भागात करंट खात्याचं स्टेटमेंट बँक कसं वाचते ते बघू. तोपर्यंत वही पूर्ण करा. भेटूया!