संकटातील हाक

संकटात सापडलेल्या माणसाची हाक ज्याच्या कानी वेळेवर पडते, तोच त्याला वाचवू शकतो. म्हणून पोलीस, अग्निशामक दल आणि रुग्णवाहिका यांच्याजवळ बिनतारी यंत्रे असतात. १९२८ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी मोटारींत असे यंत्र बसविले, तेव्हा शिपायाला संदेश केवळ ऐकता येई. उत्तर देण्यासाठी त्याला दूरध्वनी गाठावा लागे. १९३३ साली बेयॉन येथे दोन्ही बाजूंनी बोलण्याची सोय झाली.

अमेरिकेच्या वायव्य भागात किंग काउंटी नावाचा प्रदेश आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग. सिअ‍ॅटल हे त्यातील मुख्य शहर. पश्चिमेस समुद्राची खाडी, पूर्वेस कॅस्केड पर्वताच्या रांगा. तेथील बिनतारी यंत्रणा १९९० नंतरच्या दशकात उभारलेली होती. पुढे वस्ती वाढली, यंत्रे जुनी झाली आणि काही भागांत आवाज नीट पोहोचेना. तेव्हा एप्रिल २०१५ मध्ये नागरिकांनी मतदान करून नऊ वर्षे जादा कर देण्याचे मान्य केले. २७ कोटी ३० लाख डॉलर उभारून नवी डिजिटल यंत्रणा करण्याचे ठरले.

जुन्या व नव्या पद्धतींत भेद तो काय? जुन्या, म्हणजे अ‍ॅनालॉग पद्धतीत आवाजाच्या चढउतारांप्रमाणे बिनतारी लहरही बदलते. अंतर वाढले, की तीत खरखर मिसळते. मग आवाज कोणता आणि खरखर कोणती, हे यंत्राला वेगळे करता येत नाही. डिजिटल पद्धतीत आवाजाचे रूपांतर शून्य आणि एक या अंकांत होते. त्यांच्याबरोबर काही जादा अंकही पाठविले जातात. विद्यार्थी जसा गणिताचा ताळा पाहतो, तसे घेणारे यंत्र या अंकांवरून चूक ओळखते आणि पुष्कळदा ती दुरुस्तही करते. त्यामुळे शब्द स्वच्छ ऐकू येतात.

परंतु या गुणातच एक धोका दडलेला आहे. जुन्या यंत्राची खरखर वाढू लागली, की आपण मनोऱ्यापासून दूर चाललो, हे जवानाला कळे. डिजिटल आवाज शेवटपर्यंत स्पष्ट राहतो आणि मर्यादा ओलांडताच एकाएकी बंद पडतो. शिवाय करवतीच्या किंवा पंपाच्या गोंगाटात, तोंडावर मुखवटा असताना बोललेले शब्द सुरुवातीच्या डिजिटल यंत्रांना नीट उमगत नसत. म्हणून केवळ नवी यंत्रे विकत घेऊन भागत नाही. डोंगरदऱ्यांतही लहरी पोहोचतील अशा बेताने मनोरे उभारावे लागतात, जागोजागी जाऊन आवाजाची परीक्षा घ्यावी लागते आणि जवानांना शिक्षण द्यावे लागते. नव्या यंत्रणेची खात्री पटेपर्यंत जुनी चालू ठेवणे, हेच शहाणपणाचे ठरते.

यंत्र जुने असो वा नवे, त्याची खरी कसोटी एकच: धुराने भरलेल्या खोलीतून जवानाने घातलेली हाक बाहेर ऐकू आली की नाही!

स्वाध्याय

१. किंग काउंटीतील यंत्रणा बदलण्याची गरज का भासली?
२. 'गणिताचा ताळा' हा दाखला कशासाठी दिला आहे?
३. डिजिटल पद्धतीचे गुण व दोष सांगा.